फियाट, आठशे आणि बोरघाटाचा उतार

कडाव,
रविवार, दुपार

प्रिय नरेश,

पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. बाबा ठणठणीत आहेत, मी ठणठणीत आहे आणि दोन्ही गाड्या अंगणात उभ्या आहेत. बाबा आत्ता जेवून पडलेत, त्यांचं घोरणं पडवीपर्यंत ऐकू येतंय. एरवी या घोरण्याचा मला वैताग येतो, आज बरं वाटतंय. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू बोलायला लागलास की समोरच्याला तोंड उघडू देत नाहीस, आणि इथे तुझा फोन आला की बाबा पेपर तोंडासमोर धरून कान लावून बसतात, वर आपलं लक्षच नाही असं दाखवतात. मला सगळं एका दमात सांगायचं होतं, मध्ये कुणी न बोलता. म्हणून वही घेऊन बसले. कारखान्यातल्या पोरींना म्हटलं भावाला पत्र लिहिणार आहे, तर त्या हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

गेल्या महिन्यात तू म्हणालास, ताई, तू दिवसभर खोपोलीच्या कारखान्यात नमुने तपासतेस, मग घरच्या दोन गाड्याही तपास की. बाबांची फियाट आणि कडावला ठेवलेली माझी आठशे, दोन्ही नीट पारखून घे, एक ठेवू, एक काढू. आणि त्याच दमात पुढे म्हणालास, की बाबांनी गाडी चालवणं थांबवलं नाही तर मी त्यांना पुण्याला घेऊन येतो आणि कडावच्या घराला कुलूप लावतो. गाड्यांचं मी हसत ऐकलं. कुलपाचं ऐकलं आणि फोन ठेवून पडवीत जाऊन बसले. शहात्तर वर्षांचा माणूस, सकाळी विहारापर्यंत चालत जाणारा, येताना चार घरी जयभीम घालून दोन घरी चहा पिणारा, तो तुझ्या चौथ्या मजल्यावर काय करणार रे? आणि खोटं कशाला बोलू, माझं काय झालं असतं? घटस्फोट घेऊन मी परत आले तेव्हा याच घराचं दार माझ्यासाठी उघडं होतं. त्याला कुलूप लागलेलं मला बघवलं नसतं.

तुझा निरोप मी बाबांना दिला, कुलपासकट. ते म्हणाले, "त्याला सांग, तुझ्या गॅलरीत माझी फियाट मावत आसंल तर येतो." तुला मात्र मी कळवलं, बाबा विचार करतो म्हणाले. दीड वर्ष मी हेच करतेय. इकडचा झणझणीत रस्सा पाणी घालून तिकडे वाढायचा, तिकडचा इकडे. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही आणि जीभ माझी भाजते. दीड वर्षापूर्वी त्या दिवशी फियाट मागे घेताना बाबांनी शेजारच्या गोठ्याच्या खांबाला धडक दिली, बंपर वाकला, खांबाला काही झालं नाही, म्हशीलाही नाही. तू नेमका आलेला होतास. सगळी आळी गोळा झालेली आणि तू मोठ्याने म्हणालास, हे भंगार आता देऊन टाका आणि घरात बसा. तू घाबरला होतास, म्हणून ओरडलास, हे मला तेव्हाच कळलं. बाबांना फक्त भंगार एवढंच ऐकू आलं. तू न जेवता गेलास आणि त्यांनीही त्या दिवशी ताट बाजूला सारलं.

तुला तो शब्द साधा वाटला असेल, कारण फियाट घरी आली तेव्हा तू बोबडं बोलत होतास. मी मोठी होते, मला सगळं आठवतं. वीजकेंद्रातले साहेब बदलून गेले आणि बाबांनी त्यांच्याकडून ती घेतली. साईच्या रंगाची, आतून तपकिरी. आपल्या आळीतली पहिली चारचाकी. आईने तिच्यासमोर मेणबत्ती लावून त्रिशरण म्हटलं आणि मग सगळ्यांना साखर वाटली. त्यानंतर आळीतल्या कुठल्या बाईला कळा आल्या, कुणाला साप चावला, कुणाच्या लग्नाचं निघालं, की रात्री-अपरात्री आपल्या दाराची कडी वाजायची. ठमीकाकू तर कर्जतला पोहोचलीच नाही, मागच्या सीटवरच मोकळी झाली. त्या पोराला अजून सगळे फियाट म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. बाबांनी कधी कुणाकडून पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. गावातल्या ज्या घरांत पूर्वी आपल्या आजोबांना ओट्याखाली उभं राहावं लागायचं, त्या घरांतली आजारी माणसंही बाबांनी त्या गाडीतून नेली. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत, पण गाडी पुसताना त्यांचा हात बघ.

तर आता तुझा तपासणी अहवाल. मी कामात हयगय करत नाही हे तुला माहीत आहे. फियाट मॉडेल शहाऐंशीचं, आठशे दोन हजार आठची. फियाटचं इंजिन एक हजार एकोणनव्वद सीसीचं, चार सिलिंडरचं, चाळीस घोड्यांचं. तुझ्या आठशेचं सातशे शहाण्णव सीसी, तीन सिलिंडर, सदतीस घोडे. इथवर वाचून बाबा खूश झाले, बघ म्हणाले, माझे घोडे जास्त. मी म्हटलं थांबा, पुढे वजन बघा. फियाट नऊ क्विंटलला जराशी कमी, आठशे साडेसहा क्विंटल. म्हणजे तुमच्या घोड्यांच्या पाठीवर भाताची चार-पाच पोती जास्तीची. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, वजन हाय म्हणून ती रस्त्याला धरून चालते, ती टमरेल वाऱ्याने हलते. पुढे माझ्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने 'मजबूत पत्रा' असं लिहिलं. मी ते खोडलं नाही.

गिअर दोघींनाही पुढचे चार. पण फियाटचा दांडा स्टिअरिंगला आणि आठशेचा खाली दोन सीटच्या मध्ये. हा फरक कागदावर लहान दिसतो आणि चालवताना जिवावर येतो. मी कर्जतला दत्तासरांच्या क्लासमध्ये आठशेवर शिकले, त्यामुळे फियाटमध्ये बसले की माझा हात खाली जातो आणि हवेतच गिअर टाकतो. बाबा त्यावर इतके हसायचे की मी फियाट शिकायचा नाद सोडून दिला. फियाटला मागची चाकं ओढतात, आठशेला पुढची. आपल्या घराकडच्या चिखलाच्या वाटेवर फियाटची मागची चाकं जागच्या जागी फिरतात, मग बाबा डिकीत दोन पोती टाकतात नाहीतर मला मागे बसवतात. आठशे तीच वाट भुरकन चढते. डिकी म्हणशील तर फियाटच्या डिकीत संसार मावेल. आठशेच्या डिकीत एक पोतं घातलं की दार लागत नाही. कर्जतच्या बाजारात गाडी वळवायची तर आठशे एका दमात वळते. फियाट वळवताना बाबांचे दोन्ही खांदे, माझा जीव आणि मागच्या रिक्षावाल्याची सहनशक्ती, सगळं पणाला लागतं. आठशेला एसी आहे, पण एसी लावून चढ आला की ती दमते, मग आपणच तो बंद करायचा. फियाटला त्रिकोणी काच आहे, ती उघडली की वारा थेट तोंडावर. आणि पुढची सीट. ती अख्खी आहे, मध्ये फट नाही. बाबा, मध्ये तू, कडेला आई, आणि मी मागे एकटी राणीसारखी. आई गेल्यावरही बाबांनी त्या सीटवर कधी सामान ठेवलं नाही. हे तपासणीत बसत नाही, पण लिहून ठेवते.

एवढं झाल्यावर राहिली ती घाटाची परीक्षा. मी ठरवलं, दोन्ही गाड्या एकाच रस्त्याने, एकाच वजनाने, लोणावळ्याला कोंडीआत्याकडे न्यायच्या. एका रविवारी फियाट, पुढच्या रविवारी आठशे. गाडीत आम्ही दोघं आणि आत्यासाठी तांदळाचं एक पोतं. खोपोलीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची, परत आल्यावर पुन्हा भरायची, किती मावलं ते बघायचं. आमच्या कारखान्यात नियमच आहे, दोन नमुन्यांची तुलना करायची तर बाकी सगळं तंतोतंत सारखं ठेवायचं, नाहीतर निकाल कचऱ्यात. बाबांना हा नियम फार आवडला. दोन्ही गाड्या मीच चालवणार, असं ते लगेच म्हणाले, चालवणारा बदलला तर तुलना बिघडेल ना. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पहिल्या रविवारी फियाट निघाली. घाट चढताना तिने दुसरा गिअर सोडला नाही, ट्रकवाले बाजूने पुढे जात होते आणि एका मोटारसायकलवाल्याने तिचा फोटो काढला, तेव्हा बाबांनी मान ताठ केली. एका ठिकाणी इंजिन तापलं म्हणून कडेला उभी केली, बाबांनी ओलं फडकं काढलं, इंजिनाजवळच्या पेट्रोलपंपावर टाकलं, आणि पाच मिनिटं तिच्याशी गप्पा मारल्यासारखे बॉनेटपाशी उभे राहिले. आत्याकडे जेवलो. येताना खंडाळा संपून खोपोलीकडचा जुना रस्ता लागला आणि बाबांनी नेहमीप्रमाणे गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद केलं. तुला त्यांची ही सवय माहीत आहे. आयुष्यभर वीजकेंद्रात काम केलेला माणूस, वरून पडणाऱ्या पाण्यावर वीज होते हे रोज बघितलेला. पाणी उतारावर फुकट पळतं, तर गाडीला पेट्रोल कशाला पाजायचं, हा त्यांचा हिशेब. लहानपणी आपल्याला तो जादूचा खेळ वाटायचा. आवाज बंद, नुसता वारा, आणि आई पुटपुटत दाराचं हँडल धरून बसलेली. शिंग्रोबाच्या देवळापाशी त्यांनी नेहमीसारखा एकदा हॉर्न दिला, देव म्हणून नव्हे, इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा गरीब माणूस म्हणून. खाली पंपावर आलो तेव्हा फियाटने लिटरला बाराच्या आसपास दिलं. बाबांनी तो आकडा आळीत दोन दिवस सांगितला.

दुसऱ्या रविवारी आठशे. बाबांनी तिच्या स्टिअरिंगला कधी हात लावलेला नव्हता हे तू जाणतोस. सतरा वर्षांत एकदाही नाही. त्या दिवशी बसले, सीट मागे-पुढे केली, नाक मुरडलं, आणि तुझी गाडी कशी भिकार आहे हे दाखवायला म्हणून निघाले. आणि नरेश, चढावर ती अशी पळाली की बाबांचं नाक मुरडणं थांबलं. पहिल्या वळणाला त्यांनी तिसरा काढून दुसरा टाकायला हात वर नेला, तिथे दांडा नाही म्हणून खाली आणला, मग सवय झाली. खंडाळ्याला पोहोचेपर्यंत ते शीळ घालत होते. माझ्याकडे बघितलं नाही, पण म्हणाले, हलकी हाय, पण बेस हाय. मी खिडकीबाहेर बघून हसून घेतलं. आत्याच्या घरी त्यांनी गाडी सावलीत लावली, फियाटसाठी जागा शोधतात तशी.

येताना खोपोलीकडचा उतार लागला. मी म्हटलं, बाबा, आज बंद नका करू. ते म्हणाले, "तिला बंद करून आणली आन् हिला चालू ठेवली, तर आकडे सारखे कसे व्हायचे? तुजाच नेम हाय." नियम माझाच होता. मी त्यांना अडवलं नाही, आणि हे न अडवणं माझी चूक, ती मी मान्य करते. त्यांनी न्यूट्रल केलं, किल्ली फिरवली, इंजिन बंद. आता तुझ्या लक्षात आलं असेल. फियाटच्या ब्रेकला माणसाच्या पायाशिवाय कुणाची मदत नाही. जेवढा जोर लावशील तेवढा ब्रेक, इंजिन चालू असो वा बंद. तीस वर्षं बाबा तसेच उतरले आणि काही बिघडलं नाही. तुझ्या आठशेच्या ब्रेकला इंजिनाची मदत असते, बूस्टर म्हणतात त्याला, इंजिन बंद केलं की ती दोन-तीनदा पाय दाबेपर्यंत पुरते आणि संपते. गाडीत दोष काही नाही, ती तशीच बनवलेली आहे. पहिलं वळण छान गेलं. दुसऱ्याला बाबा म्हणाले, पायाला जड लागतंय. तिसऱ्या वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला आणि पाय दगडावर ठेवावा तसा तो तिथेच राहिला. गाडी वेग घेत चालली होती. डाव्या हाताला कठडा, समोर वर येणारा टेंपो.

दत्तासरांनी मला पहिल्या आठवड्यातच कर्जतच्या मैदानात इंजिन बंद करून ब्रेक दाबायला लावला होता. इंजिन गेलं की ब्रेक कडक होतो, घाबरायचं नाही, इंजिन चालू करायचं, एवढंच ते म्हणाले होते. इतक्या वर्षांत ते माझ्या कधी मनातही आलं नव्हतं, त्या क्षणी आलं. बाबांचा डावा हात स्टिअरिंगपाशी गिअर शोधत होता, फियाटमध्ये असतो तिथे. तिथे वायपरची दांडी आहे, तीच त्यांनी खाली ओढली. मी ओरडले, किल्ली, बाबा, किल्ली फिरवा. त्यांनी फिरवली, तसे कोरड्या काचेवर वायपर खरखर नाचायला लागले. मी म्हटलं, क्लच दाबा, दाबलेला धरा. त्यांनी दाबला. माझ्या हाताने मी गिअर तिसऱ्यात ढकलला आणि म्हटलं, आता सोडा. गाडीने एक हिसका दिला, इंजिन सुरू झालं, आणि बाबांच्या पायाखालचा ब्रेक पुन्हा मऊ झाला. टेंपोवाला शिव्या देत बाजूने गेला. पुढे रस्ता थोडा रुंद होता तिथे आम्ही थांबलो. वायपर चालूच होते, दोघांपैकी कुणालाही ते बंद करायचं सुचेना.

मी रडले. लग्न मोडलं तेव्हाही बाबांसमोर रडले नव्हते, तिथे कठड्यावर बसून ढसाढसा रडले. खाली खोपोलीची घरं दिसत होती, कारखान्याचं धुराडं दिसत होतं, आणि मला एकाच वेळी हसूही येत होतं, कारण आपण अजून हे सगळं बघतोय. बाबा माझ्या शेजारी बसले. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते. मग उठले, गाडीला वळसा घालून गेले आणि डावीकडच्या सीटवर बसले. काच खाली करून मला म्हणाले, चल गं, ऊन कलायला लागलं. मी चालवायला बसले. उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन चालू ठेवून, मुंगीच्या पावलाने उतरलो. खोपोलीत चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा त्यांनी दोन चहा सांगितले, दोन्ही मीच प्यायले, कारण त्यांच्या हातून कप धरवत नव्हता. पेट्रोल भरायला मात्र विसरले नाहीत. लिटरला सतराच्या वर पडलं. पण तो आकडा आळीत कुणाला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बाबा अंगणात आठशे धूत होते. फियाट धुवायचं खास फडकं असतं ना, जे आपल्याला हात लावू देत नाहीत, त्याने. चहा घेताना म्हणाले, "आजपासून मी बाजूला बसणार. पायाला जे कळत व्हतं ते आता कळत नाय." कुणी सांगितलं नव्हतं, कुणी भांडलं नव्हतं. फियाटची किल्ली त्यांनी खुंटीवरून काढली आणि माझ्या डब्याच्या पिशवीत टाकली. मी म्हटलं, बरं. मोठ्या मुलीने बापाला म्हणावं असं काहीतरी छान सुचायला हवं होतं, पण मी बरं म्हटलं आणि बस पकडायला पळाले. त्या दिवशी कारखान्यात माझ्याकडून दोन नमुने चुकीच्या ट्रेमध्ये गेले. सुटका झाल्यासारखी मी दिवसभर उगाच हसत होते, पोरी म्हणाल्या, ताईंना लॉटरी लागली.

तेव्हापासून बाबांना मी नेते. विहारात ते चालतच जातात, ते सोडणार नाहीत. डोळे तपासायला कर्जतला, आत्याकडे, नेरळला मित्राकडे, सगळीकडे मी. शेजारी बसून सूचना चालू असतात, हॉर्न दे, दाब, आता सोड, तो गाढव बघ कसा मध्ये आला. मी ऐकते आणि मला पाहिजे तसं चालवते. म्हणजे तुझी अट पूर्ण झाली. बाबांनी गाडी चालवणं थांबवलं. आता पुण्याची गोष्ट काढायची नाही आणि कुलपाची तर नाहीच. माझा निकाल विचारशील तर आठशे ठेवायची, ती माझ्या नावावर करून दे, कागद मी करून घेते. फियाटचं काय करायचं ते मी ठरवणार नाही. तिला कुणा हौशी माणसाला द्यायची, की छपराखाली ठेवायची, की तू सुट्टीत येऊन चालवायची, ते तुम्ही दोघांनी बसून बोला. दोन पुरुषांच्या मधला निरोप्या होऊन माझे पाय दुखले.

आता हे पत्र का लिहिलं ते. गाड्यांचा निकाल मी फोनवर दोन वाक्यांत सांगितला असता. जे सांगायचं होतं ते वेगळं आहे, आणि बाबा ते तुला जन्मात सांगणार नाहीत. दीड वर्षात मी त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकलं नव्हतं. तो, त्याला, पुण्याचा, एवढंच. त्या वळणावर ब्रेक लागेना तेव्हा मी त्यांच्या कोपराला कोपर लागेल एवढी जवळ बसले होते. आणि बाबा जिवाच्या आकांताने ओरडले, "नऱ्या, बिरेक लागत नाय रं." मला नाही, तुला. खरं सांगते, मला राग आला. गिअर मी टाकला आणि हाक त्याला, असं म्हणत त्याच आठवड्यात दोन दिवस मी घरी धुसफुसत होते, भांडी आपटली, बाबांना कळेना काय झालं. त्यांना तर आपण काय ओरडलो ते आठवतही नाही. मग एकदा भाकरी थापता थापता वाटलं, मी तर शेजारीच होते, मला हाक कशाला मारतील? हाक लांब गेलेल्याला मारतात. ती पुण्यापर्यंत पोहोचली नाही, म्हणून हे पत्र. त्यांना फोन कर. माझ्या नंबरवर नको, त्यांच्या नंबरवर कर, सकाळी विहारातून आल्यावर. आधी दोन मिनिटं गाड्यांवरून भांडतील, भांडू दे.

निरोप पोचवून मोकळी झालेली,
तुझीच
रूपाताई